कातळ, कायदा आणि कळस : न्यूयॉर्क व शिकागोच्या आकाशरेषा

न्यूयॉर्क आणि शिकागो या दोन शहरांपैकी अधिक देखणी आकाशरेषा कोणत्या शहराची, हा वाद अमेरिकेत सव्वाशेहून अधिक वर्षे चालत आलेला असून तो बहुतेक वेळा फुटांच्या हिशेबात मांडला जातो: कोणाची इमारत उंच, कोणी कोणाला कितीने मागे टाकले, आणि उंची मोजताना टोकावरचा खांब धरायचा की नाही. आकाशरेषा म्हणजे इमारतींच्या माथ्यांनी मोकळ्या आकाशावर काढलेली शहराची बाह्याकृती. सर्वांत उंच इमारत हा त्या आकृतीतला केवळ एक बिंदू असल्यामुळे फुटांच्या हिशेबाने तिच्याविषयी फारसे काही कळत नाही. ही आकृती कशी घडली याचा शोध घेऊ लागले, की वास्तुविशारदांच्या प्रतिभेपेक्षा भूखंडाची लांबी-रुंदी, जमिनीखालची माती, नगरपालिकेचे नियम आणि जागेला मिळणारे भाडे या गोष्टीच पुन्हा पुन्हा समोर येतात. आणि त्याच शोधात हेही लक्षात येते, की स्पर्धक म्हणवणाऱ्या या दोन शहरांनी एकमेकांच्या आकाशरेषा बऱ्याच अंशी आपल्याच माणसांच्या हातून काढून दिल्या आहेत.

या शोधाची सुरुवात भूखंडापासून करावी लागते. मॅनहॅटन बेटाची आखणी १८११ च्या आयुक्तांच्या आराखड्याने झाली, आणि त्यात दोन आडव्या रस्त्यांमधील अंतर सुमारे २०० फूट ठेवून जमिनीचे तुकडे साधारणपणे २५ फूट रुंद व १०० फूट खोल असे पाडले गेले. घरांसाठी सोयीचे असलेले हे तुकडे पुढे कार्यालयांच्या वाट्याला आले, तेव्हा मालकांना शेजारचे दोन-तीन तुकडे जोडून अरुंद जागेवर वर वर चढत जाण्यावाचून गत्यंतर उरले नाही. शिकागोच्या मध्यभागातील ब्लॉक याहून मोठे, त्यांच्या पोटातून मागचे बोळ गेलेले आणि त्यांतील भूखंडही ऐसपैस होते. विजेचे दिवे मंद आणि महाग असण्याच्या त्या काळात खिडकीपासून पंचवीस-तीस फुटांपलीकडची जागा चांगल्या भाड्याने जात नसे. त्यामुळे ऐसपैस भूखंड पूर्ण भरून बांधायचा तर मधोमध उजेडासाठी पोकळी सोडणे भाग पडे. वाड्याला चौक असावा तशी ही रचना होती, आणि बर्नहॅम व रूट यांनी १८८८ मध्ये पूर्ण केलेली रूकरी ही इमारत तिचा उत्तम नमुना म्हणून आजही उभी आहे. न्यूयॉर्कचा मनोरा आणि शिकागोचा ठोकळा हा फरक दोन शहरांच्या स्वभावाचा नसून दोन प्रकारच्या भूखंडांचा व त्यावरच्या नियमांचा आहे, ही मांडणी इतिहासकार कॅरल विलिस यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तपशिलाने केली असून तिला अद्याप कोणी समर्थपणे खोडून काढलेले नाही.

भूखंडानंतर माती. १८७१ च्या ऑक्टोबरातील आगीत शिकागोच्या सुमारे सतरा हजार इमारती जळाल्या आणि लाखभर माणसे बेघर झाली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्या मोकळ्या झालेल्या जागेखाली मऊ, पाणथळ चिकणमातीचा जाड थर होता आणि खरा कातळ शंभर फुटांच्या आसपास खोल होता, हे मात्र कमी सांगितले जाते. अशा मातीवर जड इमारत उभी केली की ती खचणार हे गृहीतच धरलेले असे, आणि ती सगळीकडून सारखी खचावी एवढीच अभियंत्याची धडपड असे. मोनॅडनॉक या सोळा मजली इमारतीचा १८९१ मध्ये पूर्ण झालेला उत्तरेकडील अर्धा भाग भारवाहू भिंतींचा आहे, म्हणजे इमारतीचे सगळे ओझे विटांच्या भिंतींवरच पेललेले आहे, आणि त्यामुळे तळाशी त्या भिंती सहा फूट जाडीच्या झाल्या आहेत. भाड्याने देण्याजोगी तळमजल्याची मोलाची जागा भिंतीच खाऊन टाकतात, हे त्यातून मालकांना पुरते उमगले असावे. दोनच वर्षांनी जोडलेला दक्षिणेकडील अर्धा भाग पोलादी सांगाड्यावर उभा राहिला. सांगाड्याच्या पद्धतीत ओझे खांब व तुळया वाहून नेतात आणि भिंत नुसते पांघरूण होऊन राहते. विल्यम ल बॅरन जेनी यांच्या १८८५ मधील दहा मजली होम इन्शुरन्स इमारतीला या पद्धतीची, आणि म्हणून जगातील पहिली गगनचुंबी, इमारत म्हणण्याचा प्रघात आहे. तिच्या काही भिंती ओझे वाहतच होत्या, त्यामुळे हा मान निर्विवाद नाही. पायाचा प्रश्न मात्र कातळापर्यंत किंवा त्यावरच्या कठीण थरापर्यंत हाताने विहिरी खोदून त्या काँक्रीटने भरण्याच्या पद्धतीमुळे सुटला. १८९० च्या दशकात रूढ झालेली ही पद्धत आजही शिकागोच्याच नावाने ओळखली जाते.

न्यूयॉर्कच्या मातीविषयी याउलट एक फार लाडकी समजूत आहे. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला आणि मध्यभागी कातळ वर आलेला आहे, मधल्या पट्ट्यात तो खोल जातो, आणि म्हणूनच तेथील आकाशरेषेला दोन डोंगर व मध्ये एक दरी आहे, असे पर्यटकांना हमखास सांगितले जाते. ऐकायला हे पटते, पण जेसन बार या अर्थशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह जुन्या इमारतींचे पाये आणि कातळाची खोली यांची जुळणी करून पाहिली, तेव्हा खोल कातळामुळे बांधकाम थांबल्याचे आढळले नाही. उलट सिटी हॉलच्या परिसरात, जेथे कातळ बराच खोल आहे, तेथेच त्या काळातील काही अत्युच्च इमारती उभ्या राहिलेल्या दिसल्या. पायाचा वाढीव खर्च हा जमिनीच्या भावापुढे किरकोळ होता. दरी राहिली ती तेथे दाट चाळवजा वस्त्या व कारखाने होते म्हणून, आणि दुसरा डोंगर उभा राहिला तो सुखवस्तू वर्ग, दुकाने, भुयारी रेल्वे आणि १९१३ मध्ये खुले झालेले ग्रँड सेंट्रल स्थानक हे सगळे उत्तरेकडे सरकले म्हणून.

कायद्याची कथा अधिक रंजक आहे. जागतिक प्रदर्शनासाठी १८९० मध्ये अमेरिकी काँग्रेसने न्यूयॉर्कला डावलून शिकागोची निवड केली, आणि १८९३ मध्ये ते प्रदर्शन भरले त्याच वर्षी शिकागोने आपल्या इमारतींवर १३० फुटांची मर्यादा घातली. अंधाऱ्या रस्त्यांची व आगीची भीती ही त्यामागची सांगितली जाणारी कारणे खरी होतीच. पण कार्यालयांची जागा गरजेपेक्षा जास्त झाल्यामुळे भाडी उतरू नयेत, अशी आधी बांधून मोकळ्या झालेल्या मालकांची इच्छाही त्यामागे होती. ही मर्यादा पुढे कधी २६० फूट, कधी २०० फूट अशी वरखाली होत राहिली, तरी तीस वर्षे शिकागोची आकाशरेषा एका पातळीत छाटल्यासारखी राहिली. न्यूयॉर्कमध्ये या काळात मर्यादाच नव्हती: १९०८ मध्ये सिंगर इमारत ६१२ फुटांवर पोचली, १९०९ मध्ये मेट्रोपॉलिटन लाइफचा मनोरा ७०० फुटांवर, आणि १९१३ मध्ये वूलवर्थ ७९२ फुटांवर. गगनचुंबी इमारत जन्मली एका शहरात आणि वाढली दुसऱ्याच शहरात, याचे सोपे उत्तर या तफावतीत आहे.

शिकागोच्या हातांना घरी काम कमी पडले, तेव्हा ते न्यूयॉर्कला गेले. १९०२ मधील फ्लॅटआयर्न ही त्रिकोणी इमारत, जिच्यावाचून न्यूयॉर्कचे चित्र पुरे होत नाही, डॅनियल बर्नहॅम यांच्या शिकागोतील कार्यालयाने रेखाटली, आणि ती बांधणारी फुलर कंपनीही मूळची शिकागोचीच होती. त्याच बर्नहॅमचे उत्तराधिकारी अर्नेस्ट ग्रॅहॅम यांनी खालच्या ब्रॉडवेवर १९१५ मध्ये इक्विटेबल इमारत उभी केली. जेमतेम एक एकराच्या भूखंडावर रस्त्याच्या कडेपासून सरळ ३८ मजले चढवून त्यांनी सुमारे बारा लाख चौरस फूट जागा निर्माण केली, आणि तिची सावली सात एकरांवर पडते अशी ओरड झाली. शिकागोची ठोकळ्याची रीत न्यूयॉर्कच्या मर्यादारहित उंचीला जोडली की काय होते, ते इक्विटेबलने दाखवले. विभागनियमनाचा, म्हणजे कोणत्या भागात काय व किती बांधावे हे ठरवणारा, कायदा न्यूयॉर्कमध्ये आधीपासून घाटत होता. या इमारतीने तो जवळ आणला आणि १९१६ मध्ये तो संमत झाला.

न्यूयॉर्कची आकाशरेषा म्हणून जगाला जे चित्र परिचित आहे ते बहुतांशी याच कायद्याचे अपत्य आहे. त्याने उंचीवर बंदी घातली नाही. रस्त्याच्या रुंदीच्या प्रमाणात ठरावीक उंचीनंतर इमारतीने आत सरावे, पुन्हा काही उंचीनंतर पुन्हा सरावे, आणि भूखंडाच्या एक-चतुर्थांश भागावर मात्र मनोरा हवा तितका उंच न्यावा, एवढेच त्याने सांगितले. ह्यू फेरिस या रेखाचित्रकाराने १९२२ मध्ये या नियमांत बसणारा जास्तीत जास्त आकार कोळशाने रेखाटून दाखवला, आणि पायरीपायरीने निमुळत्या होत गेलेल्या त्या पर्वताकृती पाहून वास्तुविशारदांना आपण एका शैलीचे जनक आहोत असे वाटू लागले. वास्तविक शैलीचा पहिला खर्डा नगरपालिकेच्या वकिलांनी लिहिला होता.

शिकागोने १९२३ मध्ये असाच कायदा केला, पण त्यात एक पाचर मारून ठेवली: मनोरा भूखंडाच्या पाव भागावर चढवता येईल, परंतु त्याचे घनफळ खालच्या इमारतीच्या एक-षष्ठांशाहून अधिक असता कामा नये. पुढे १९३० मध्ये शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडची इमारत ६०५ फुटांवर थांबली आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये क्रायस्लर १,०४६ फुटांवर पोचली, या अंतरामागे असले वरवर किरकोळ वाटणारे कलम आहे. दरम्यान देवाणघेवाण उलट्या दिशेनेही सुरू झाली होती. 'शिकागो ट्रिब्यून' या वृत्तपत्राने आपल्या मुख्यालयासाठी १९२२ मध्ये ५० हजार डॉलर पहिल्या बक्षिसाची स्पर्धा जाहीर केली. २६० हून अधिक आराखडे आले आणि जिंकले ते न्यूयॉर्कचे जॉन मीड हॉवेल्स व रेमंड हूड. त्यांचा मध्ययुगीन चर्चच्या धाटणीचा मनोरा १९२५ मध्ये उभा राहिला. पण खरा प्रभाव पडला तो दुसऱ्या क्रमांकावरील फिनलंडच्या एलिएल सारिनेन यांच्या न बांधलेल्या, क्रमाक्रमाने आत सरत जाणाऱ्या मनोऱ्याचा, आणि तो प्रभाव प्रत्यक्षात दिसला पुन्हा न्यूयॉर्कच्याच इमारतींत.

न्यूयॉर्कमधील १९२९-३० ची उंचीची शर्यत बहुतेकांना ठाऊक असते. क्रायस्लरचे वास्तुविशारद विल्यम व्हॅन ॲलन यांनी १८५ फुटांचा पोलादी कळस इमारतीच्या आतच सुट्या भागांत जुळवून ठेवला आणि २३ ऑक्टोबर १९२९ रोजी तो वर काढून ४० वॉल स्ट्रीट या स्पर्धक इमारतीला मागे टाकले. दुसऱ्याच दिवशी शेअर बाजाराची पडझड सुरू झाली. एम्पायर स्टेट १९३१ च्या मे महिन्यात १,२५० फुटांवर खुली झाली आणि मंदीमुळे वर्षानुवर्षे अर्धीअधिक रिकामी राहिली. शिकागोची अवस्था याहून बिकट होती: होम इन्शुरन्स पाडून तिच्या जागी बांधलेली फील्ड इमारत १९३४ मध्ये पुरी झाल्यावर १९५५ च्या प्रुडेन्शियलपर्यंत तेथे एकही मोठी कार्यालयीन इमारत झाली नाही.

युद्धोत्तर काळात नियमांचे मोजमापच बदलले. न्यूयॉर्कच्या १९६१ च्या कायद्याने भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल हा आकडा मुख्य केला, ज्याला महाराष्ट्रात चटईक्षेत्र निर्देशांक किंवा सरळ एफएसआय म्हणतात. सर्वांत दाट कार्यालयीन भागांत तो १५ होता, आणि खाली लोकांसाठी मोकळे पटांगण सोडल्यास १८ पर्यंत जाई. तुलनेसाठी, १९९१ च्या नियमावलीने मुंबई बेटासाठी तो १.३३ ठेवला होता. पटांगणाची ही कल्पना मिस व्हॅन डर रोह यांच्या १९५८ मधील सीग्रॅम इमारतीवरून सुचली, आणि मिस हे शिकागोचे रहिवासी होते. सीग्रॅमचे पटांगण सुंदर आहे. बक्षिसाच्या लोभाने तिच्यामागून आलेली बहुतेक पटांगणे ओसाड आहेत आणि त्यांच्यामागचे सपाट माथ्याचे ठोकळे सहाव्या अव्हेन्यूवर ओळीने पाहायला मिळतात. १९१६ च्या कायद्याने नकळत सौंदर्य घडवले आणि १९६१ च्या कायद्याने हेतुपूर्वक कंटाळा, असे म्हटले तर ते फारसे अन्यायाचे होणार नाही.

शिकागोला आपली उंची अखेर मिळाली ती एका अभियंत्यामुळे. फझलुर रहमान खान यांचा जन्म १९२९ मध्ये ढाक्यात झाला. इलिनॉय विद्यापीठात शिकून ते शिकागोच्या स्किडमोर, ओइंग्ज अँड मेरिल या संस्थेत रुजू झाले. उंच इमारतीचा खरा शत्रू तिचे स्वतःचे वजन नसून आडवा वारा असतो, आणि वाऱ्याला तोंड देण्यासाठी मजल्यागणिक पोलाद वाढवत गेले की एका टप्प्यानंतर इमारत परवडेनाशी होते. खान यांनी इमारतीच्या बाहेरच्या कडाच जवळजवळच्या खांबांनी किंवा तिरप्या आधारांनी अशा बांधल्या की संपूर्ण इमारत जमिनीत रोवलेल्या पोकळ नळीप्रमाणे वाऱ्याला सामोरी जावी. वास्तुविशारद ब्रूस ग्रॅहॅम यांच्यासह त्यांनी उभारलेल्या, १,१२७ फूट व शंभर मजल्यांच्या जॉन हॅनकॉक सेंटरच्या चारही अंगांवरील प्रचंड फुल्या हे त्या नळीचे उघडे ठेवलेले स्नायूच आहेत. एम्पायर स्टेटमध्ये दर चौरस फुटामागे सुमारे ४२ पौंड पोलाद लागले होते, तर हॅनकॉकमध्ये ते तिसाच्या आत आले. सिअर्स टॉवरसाठी खान यांनी ७५ फूट चौरसाच्या नऊ नळ्यांची मोळी बांधली, त्यांपैकी दोन पन्नासाव्या, दोन सहासष्टाव्या आणि तीन नव्वदाव्या मजल्यावर थांबवल्या, आणि उरलेल्या दोन १,४५१ फुटांपर्यंत नेल्या. वाऱ्याचा व जागेच्या गरजेचा हिशेब मांडताना तयार झालेला हा पायऱ्यांचा आकार, १९१६ च्या न्यूयॉर्कच्या कायद्यातून निघालेल्या आकाराशी इतका मिळताजुळता निघावा, हा योगायोग विलक्षण आहे. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचे १,३६८ फुटांचे अग्रस्थान या इमारतीने १९७३-७४ मध्ये हिरावून घेतले आणि ते शिकागोकडे सुमारे दोन तपे टिकले.

ते गेले ते क्वालालंपूरकडे, आणि कसे गेले हे पाहण्याजोगे आहे. तेथील पेट्रोनास मनोऱ्यांचे कळस सिअर्सच्या छपराहून वर जात होते, पण सिअर्सचे सर्वांत वरचे वापरातले मजले पेट्रोनासच्या मजल्यांहून उंच होते. उंच इमारतींची अधिकृत नोंद ठेवणाऱ्या परिषदेने १९९६ मध्ये निर्णय दिला, की कळस हा रचनेचा भाग असल्याने मोजायचा, आणि अँटेना ही नंतर जोडलेली वस्तू असल्याने मोजायची नाही. हाच नियम सतरा वर्षांनी पुन्हा शिकागोवर उलटला. न्यूयॉर्कच्या वन वर्ल्ड ट्रेड सेंटरचे छप्पर १,३६८ फुटांवर आहे. त्यावरील ४०८ फुटांचा खांब धरला तर उंची अमेरिकी स्वातंत्र्याच्या सालाशी जुळणारी १,७७६ फूट होते, न धरला तर इमारत शिकागोच्या मागे पडते. खांबाभोवतीचे शिल्पवत आवरण खर्चाच्या कारणाने २०१२ मध्ये गाळण्यात आले होते, त्यामुळे तो अँटेनासारखाच दिसू लागला होता. तरीही परिषदेने नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याला कळस ठरवले. परिषदेचे मुख्यालय शिकागोत होते, हे विशेष, आणि शिकागोच्या महापौरांनी आपली नाराजी लपवली नाही. तोवर विलिस असे नामांतर झालेल्या सिअर्स टॉवरवरील अँटेना मात्र १,७२९ फुटांपर्यंत जाऊनही हिशेबाबाहेरच राहिल्या. हा सगळा वाद वाचताना उंचीच्या शर्यतीचे पोरकटपण जितके स्पष्ट होते तितके एरवी होत नाही.

आकाशरेषेला उंचीइतकीच समोरच्या मोकळ्या जागेची गरज असते, आणि या बाबतीत शिकागोचे पारडे निर्विवादपणे जड आहे. मिशिगन सरोवराच्या काठची जमीन कायम मोकळी व बांधकामविरहित राहावी, अशी नोंद १८३६ च्या नकाशावर करण्यात आली होती. तिचा आधार घेऊन व्यापारी माँटगोमरी वॉर्ड यांनी १८९० ते १९११ या काळात शहराविरुद्धच पुन्हा पुन्हा खटले लढवले आणि जिंकले. त्या हट्टामुळे आज ग्रँट पार्कच्या तीनशेहून अधिक एकरांपलीकडे मिशिगन अव्हेन्यूची सलग भिंत, तिच्यामागे लूप या मध्यवर्ती भागाचे मनोरे आणि उजवीकडे हॅनकॉक असे संपूर्ण दृश्य एका नजरेत मावते. न्यूयॉर्कला असा दर्शनी भाग नाही. ते ब्रुकलिनच्या काठावरून एक, न्यू जर्सीहून दुसरे आणि सेंट्रल पार्कमधून तिसरेच शहर दिसते; त्याच्या आकाशरेषेचे सामर्थ्य संख्येत व गर्दीत आहे. दीडशे मीटरहून उंच इमारती तेथे तीनशेच्या वर आहेत, तर शिकागोत सव्वाशेच्या वर. संख्येत मागे असलेले शहर नजरेला अधिक नीट वाचता येते, आणि केवळ पाहण्याचा निकष लावायचा तर तेच सरस ठरते. शहर म्हणून कोणते जगण्यासारखे, हा प्रश्न अर्थातच वेगळा आहे.

गेल्या पंधरा वर्षांत न्यूयॉर्कच्या आकाशरेषेत जी भर पडली तीही नियमांच्या फटींतूनच. शेजारच्या ठेंगण्या इमारतींचे न वापरलेले बांधकामाचे हक्क विकत घेऊन आपल्या भूखंडावर आणता येतात. हे हक्कांचे हस्तांतरण मुंबईच्या बिल्डरांना समजावून सांगण्याची गरज नाही. अशा हक्कांची थप्पी रचून सेंट्रल पार्कच्या दक्षिणेस काडीसारखे निवासी मनोरे उभे राहिले: ४३२ पार्क अव्हेन्यू १,३९६ फूट, तर १११ वेस्ट ५७ वा रस्ता १,४२८ फूट उंच आणि रुंदीच्या चोवीसपट. यंत्रसामग्रीचे मजले निर्देशांकात धरले जात नसल्याने काही विकासकांनी असे रिकामे, अवाढव्य उंचीचे मजले मधे घालून वरची घरे आणखी वर नेली, आणि २०१९ मध्ये शहराला २५ फुटांहून उंच अशा पोकळ्या निवासी मनोऱ्यांत बांधकामात मोजण्याचा नियम करावा लागला. या सर्वांत उंच १,५५० फुटांच्या सेंट्रल पार्क टॉवरने छपराच्या उंचीत विलिसला मागे टाकले. त्याचे वास्तुविशारद एड्रियन स्मिथ व गॉर्डन गिल यांचे कार्यालय शिकागोत आहे.

शिकागोत इतकी चढी किंमत मोजणारे घरखरेदीदार नाहीत, म्हणून तेथे असे मनोरेही नाहीत. जीन गँग यांचा १,१९८ फुटांचा सेंट रीजिस, ज्यात वारा आरपार जावा म्हणून ८३ वा मजला उघडा ठेवला आहे, ही अलीकडची तेथील सर्वांत लक्षणीय भर होय. त्याआधी सरोवराकाठी सँतियागो कालात्रावा यांच्या २,००० फुटांच्या पिळदार मनोऱ्याचे काम २००७ मध्ये सुरू झाले होते; २००८ च्या आर्थिक संकटात ते थांबले आणि ७६ फूट खोल गोल खड्डा वर्षानुवर्षे तसाच पडून राहिला. त्या जागेवर २०२४ मध्ये नव्याने बांधकाम सुरू झाले, ते बहात्तर मजल्यांच्या भाड्याच्या घरांचे आहे. त्याचा आराखडा डेव्हिड चाइल्ड्स यांचा, म्हणजे न्यूयॉर्कमध्ये बसून वन वर्ल्ड ट्रेड सेंटर रेखाटणाऱ्या वास्तुविशारदाचा आहे.